तांड्यावरच्या शाळेतून पुढे शिकायचं तर: एम.ए., बी.एड., एम.एड. की पीएच.डी.?

प्रश्न असा आला आहे. पुसद तालुक्यातल्या एका तांड्यावर, म्हणजे बंजारा वस्तीवर, जिल्हा परिषदेची शाळा आहे, दोन शिक्षकांची. तिथल्या शिक्षिका २०१०च्या भरतीत डी.एड.वर लागल्या, पुढे मुक्त विद्यापीठातून मराठी घेऊन बी.ए. झाल्या. गुण ४८ टक्के, प्रवर्ग खुला, वय ३७. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, दिलेली नाही. त्या विचारतात: ‘आता पुढे शिकायचं आहे. एम.ए. करू, बी.एड. करू की थेट एम.एड.च्या मागे लागू? पीएच.डी. केली तर सिनियर कॉलेजला जाता येईल का? गावातले एक गृहस्थ म्हणतात, हजेरी न लावता एम.एड. करून देतो. आणि एवढं शिकून पगारात काही फरक पडतो का?’

मॅडम, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बहुतेकांच्या मनात पहिला तोच असतो आणि विचारताना तो शेवटी टाकतात. एम.ए. झालं म्हणून जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला आपोआप वेतनवाढ लागत नाही. पदवीला किंमत येते ती एखाद्या नियमात त्या पदवीचं नाव लिहिलेलं असेल तेव्हाच. अमुक पदाला अमुक अर्हता, अमुक श्रेणीला तमुक अर्हता. म्हणून ‘काय शिकू?’ याच्या आधी ‘कुठे जायचं आहे?’ हे ठरवावं लागतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतूनच सुरुवात केली, पुढची सगळी नोकरी अध्यापक महाविद्यालयात बी.एड., एम.एड.ला शिकवण्यात गेली. तिथे तीन-तीन पदव्या घेतलेले शिक्षक पाहिले. ज्या पदाची इच्छा होती त्याला लागणारी चौथीच पदवी नेमकी त्यांच्याकडे नसायची.

पण सगळ्याच्या आधी टीईटी. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५च्या निकालानुसार पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं आहे. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना नोकरीपुरती सूट आहे, पदोन्नती मात्र टीईटीशिवाय नाही. तुमच्यापुढे वीस वर्षं आहेत. तेव्हा एम.ए.चा अर्ज भरण्याआधी राज्य परीक्षा परिषदेच्या टीईटीचा भरा. १५० गुणांची परीक्षा, खुल्या प्रवर्गाला ९० लागतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि प्रमाणपत्र आता आजन्म चालतं. पेपर पहिला आणि दुसरा दोन्ही द्या. दुसरा सहावी ते आठवीचा. त्यात बालमानसशास्त्र ३०, दोन भाषा ३०-३०, आणि उरलेले ६० गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्राचे. तुम्ही सामाजिक शास्त्र घ्याल. इतकी वर्षं वर्गात काढलेल्या माणसाला बालमानसशास्त्राचे प्रश्न अवघड जात नाहीत. घात होतो तो इंग्रजीत आणि वेळेत. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा.

दुसरा पेपर पास झाला की एक दार तर आत्ताच उघडतं आणि त्याला नवी पदवी लागतच नाही. सहावी ते आठवीच्या पदवीधर शिक्षकाला पदवी आणि डी.एड. पुरतं. तुमची बी.ए. मराठीची, म्हणजे भाषा विषय. सेवाज्येष्ठता यादीत तुमचं नाव कितवं आहे आणि अर्हतेच्या रकान्यात बी.ए.ची नोंद आहे का, हे पंचायत समितीत जाऊन डोळ्यांनी पाहा. पदवी घेतली आणि सेवापुस्तकात चढवलीच नाही, असे शिक्षक मला दरवर्षी भेटत. पुढे केंद्रप्रमुख, म्हणजे शाळांच्या एका गटावर देखरेख करणारं पद. त्याची काही पदं पदोन्नतीने आणि काही मर्यादित विभागीय परीक्षेने भरायचं धोरण आहे. तिथेही पाया पदवीचाच आहे, एम.ए.चा नाही. राज्यसेवेतून उपशिक्षणाधिकारी होता येतं, पण खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आहे. त्या वाटेचा विचार या वयात नको.

म्हणजे प्रशासनाकडे जायचं असेल तर पदव्युत्तर शिक्षणाची निकड नाही. मग ते कशासाठी? तीन गोष्टींसाठी: निवडश्रेणी (वरची वेतनश्रेणी), वरच्या वर्गांना शिकवणं, आणि शिक्षकांना शिकवणं.

निवडश्रेणीचं थोडक्यात. बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, ती तुम्हाला मिळाली असेल. चोवीस वर्षांनी निवडश्रेणी, पण ती सरसकट नाही, २० टक्के पदांनाच, आणि तिथे वाढीव शैक्षणिक अर्हता पाहतात. तुम्हाला अजून नऊ-दहा वर्षं आहेत. हायस्कूलचे कितीतरी शिक्षक तेविसाव्या वर्षी जागे होऊन घाईघाईने एम.ए.ला बसतात आणि ज्या विषयाचं केंद्र घराजवळ तो विषय घेतात. तुम्हाला त्या घाईची गरज नाही.

आता तुमच्या ४८ टक्क्यांची गाठ. बी.एड.ला खुल्या प्रवर्गातून पदवीला किंवा पदव्युत्तरला ५० टक्के लागतात. त्या ‘किंवा’मध्ये तुमची सोय आहे. बी.ए.वर तुम्हाला बी.एड.ला प्रवेश मिळणार नाही, पण एम.ए.ला ५० ओलांडलेत की त्याच गुणांवर मिळेल. म्हणून तुमच्या बाबतीत क्रम उलटा: आधी एम.ए., मग बी.एड. आणि एम.ए.ला ५० वर थांबू नका, ५५ गाठा. सेट-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांना खुल्या प्रवर्गासाठी ५५ टक्के लागतात, पीएच.डी.ला ५५ लागतात, बी.एड. महाविद्यालयात शिकवायलाही ५५ लागतात. ५४.६ टक्क्यांवर अडकलेली माणसं पुन्हा दुसऱ्या विषयात एम.ए. करताना मी पाहिली आहेत. मुक्त विद्यापीठात स्वाध्यायाचे गुण असतात. ते शेवटच्या रात्री मैत्रिणीच्या वहीतून उतरवू नका. अंतिम परीक्षेतले पाच-सहा गुण वाढवणं जड जातं, स्वाध्यायातले तेवढेच सहज वाढतात.

एम.ए. कशात? माझं मत स्पष्ट आहे: मराठीत. मुक्त विद्यापीठात एम.ए. शिक्षणशास्त्रही आहे, आणि नोकरी करणाऱ्यांना ते सोपं वाटतं, कारण अर्धी परिभाषा डी.एड.मध्ये ऐकलेली असते. पण त्यावर कनिष्ठ महाविद्यालयाची दारं फारशी उघडत नाहीत. अकरावी-बारावीला शिकवायला त्या-त्या शालेय विषयातली द्वितीय श्रेणीची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागतं. शिक्षणशास्त्र हा बारावीला विषय आहे खरा, पण तो असलेली महाविद्यालयं शोधावी लागतात. मराठी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी आहे. शिवाय विदर्भ-मराठवाड्यात जिल्हा परिषदेची स्वतःची हायस्कूलं आहेत, तिथेही एम.ए. मराठी, बी.एड. हा जोड उपयोगी पडतो. शिक्षणशास्त्राची एम.ए. नंतर, हौसेने आणि खाली सांगतो त्या कारणासाठी करता येईल. मुक्त विद्यापीठाची पदवी कमी दर्जाची मानतील का, ही शंका सोडा. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेली दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरायची, असं आयोगानेच २०२२मध्ये स्पष्ट केलं आहे. अभ्यासक्रमाला त्या वर्षाची मान्यता आहे का, एवढं आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत पाहून घ्या.

बी.एड.साठी तुम्हाला नोकरी सोडावी लागत नाही. डी.एड. होऊन सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी मुक्त विद्यापीठाचं दोन वर्षांचं बी.एड. आहे. संपर्कसत्रं, कार्यशाळा आणि छात्रसेवाकाल (शाळेतला अध्यापनाचा सराव) मात्र खराखुरा करावा लागतो. आणि दूरस्थ बी.एड.च्या जागा मर्यादित असतात, म्हणून जाहिरातीवर डोळा ठेवा.

एम.एड. हा प्रकार वेगळा आहे. २०१५पासून ते दोन वर्षांचं झालं. वर्षाला किमान २०० दिवस काम, तासांना ८० टक्के आणि क्षेत्रकार्याला ९० टक्के हजेरी, असा राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा नियम. तांड्यावर सकाळी साडेदहाला परिपाठ घेणारी बाई त्याच वेळी यवतमाळला किंवा अमरावतीला एम.एड.च्या वर्गात कशी बसणार? दोन्हीकडे हजर दाखवलं तर एकीकडची हजेरी खोटी आहे, इतकं साधं गणित. ते गृहस्थ जे ‘करून देतो’ म्हणतात ते हेच. पैसे भरायचे, परीक्षेला जायचं, बाकी ते बघतात. आज कोणी विचारणार नाही. विचारतात पदोन्नतीच्या वेळी, मुलाखतीनंतर पडताळणीत, किंवा यादीत तुमच्या मागे असलेला सहकारी माहितीच्या अधिकारात दोन्ही ठिकाणचे हजेरीपट मागवतो तेव्हा. मग पदवी तर जातेच, पण शाळेच्या हजेरीपटावरच्या सह्याही खोट्या ठरतात आणि चौकशी नोकरीवर येते. त्या गृहस्थांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

खरं एम.एड. करायचं तर अध्ययन रजा मागावी लागते. ती हक्काने मिळत नाही, मंजूर करून घ्यावी लागते, आणि परत येऊन ठरावीक काळ सेवा करण्याचं बंधपत्र द्यावं लागतं. दोन शिक्षकांच्या शाळेतून एक शिक्षक दोन वर्षं सोडायला गटशिक्षणाधिकारी का तयार होईल, याचा विचार तुम्हीच करा. अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०२५च्या नियम-मसुद्यात एक वर्षाचं एम.एड. आणि नोकरदारांसाठी अर्धवेळ एम.एड. या दोन्ही गोष्टी आहेत. अर्धवेळ एम.एड. प्रत्यक्षात आलं तर ते तुमच्यासारख्यांसाठीच असेल. तोवर तुमची एम.ए. आणि बी.एड. होतील, एम.एड.साठी थांबण्यात तुमचं नुकसान काहीच नाही.

आणि एम.एड. कोणासाठी? ज्याला शिक्षकांचा शिक्षक व्हायचं आहे त्यासाठी. बी.एड. महाविद्यालयात मराठी अध्यापनशास्त्र शिकवायचं तर एम.ए. मराठी ५५ टक्के, एम.एड. ५५ टक्के, वर नेट-सेट किंवा पीएच.डी. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतला अधिव्याख्याता लोकसेवा आयोगाकडून भरला जातो, तिथेही पदव्युत्तर आणि एम.एड. लागतं. त्या संस्थेत विषय सहाय्यक म्हणून प्रतिनियुक्तीवर जाणारे तुमच्यासारखेच शिक्षक असतात; ती संधी आली तर एम.एड.ची वाट न पाहता अर्ज करा. शिक्षकांपुढे उभं राहून बोलणं आपल्याला जमतं का, आवडतं का, हे तिथे महिनाभरात कळतं. काहींना मुळीच आवडत नाही.

खाजगी अनुदानित शाळांतल्या शिक्षकांसाठी इथे दोन वाक्यं, कारण त्यांचं गणित वेगळं. तिथे खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९८१च्या नियमावलीतली अनुसूची ‘फ’ चालते, ज्येष्ठता अर्हतेच्या प्रवर्गानुसार ठरते, आणि ‘क’ प्रवर्गात बी.ए.बी.एड. आणि एम.ए.बी.एड. शेजारी-शेजारी बसतात, म्हणजे मुख्याध्यापकपदाच्या शर्यतीत एम.ए.ने कोणी पुढे सरकत नाही. ज्येष्ठतेवरून तिथे इतके खटले झाले आहेत आणि तरतुदी इतक्या वेळा बदलल्या आहेत, की चालू अधिसूचना हातात असल्याशिवाय कोणाशी वाद घालू नये.

आता सिनियर कॉलेज. खरं सांगतो, गोड नाही लागणार. सहायक प्राध्यापकाला आज किमान अर्हता नेट किंवा सेट आहे, पीएच.डी. सक्तीची करण्याचा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२३मध्ये मागे घेतला. महाराष्ट्र आणि गोव्याची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं: पहिला पेपर १०० गुणांचा, दुसरा विषयाचा २०० गुणांचा, वयाची अट नाही, गुण कापणं नाही, पण बसलेल्यांपैकी ६ टक्केच पात्र ठरवतात. म्हणजे उत्तीर्ण होणं पुरत नाही, इतरांच्या पुढे असावं लागतं. ते अभ्यासाने जमेल. अडचण त्यानंतरची आहे. सेट झालेले, पीएच.डी. झालेले कितीतरी जण राज्यात वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवतात. सुट्टीचे पैसे नाहीत, पुढच्या जूनची खात्री नाही. अनुदानित जागा निघाली तरी मुलाखतीबाहेर काय-काय चालतं ते तुम्ही ऐकलंच असेल. सातव्या वेतन आयोगाची कायम नोकरी सोडून त्यासाठी उडी मारू नका. सेट जरूर द्या. प्रमाणपत्र आजन्म राहतं, आणि मराठीच्या सेटचा अभ्यास केलेल्या बाईचा पाचवीतला कवितेचा तासही बदलतो, हे मी छातीठोक सांगतो. राजीनामा मात्र नेमणूकपत्र हाती पडून विद्यापीठाची मान्यता आल्यावरच.

पीएच.डी.वर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता-जाता लिहिलं आहे: ‘पहिलीत आलेली मुलं दिवाळीपर्यंत माझं मराठी नुसतं ऐकत बसतात, आणि दिवाळीनंतर अर्धी मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात.’

मी परीक्षक म्हणून जे प्रबंध वाचले त्यांतल्या बऱ्याचशांचे विषय एकाच साच्यातले: अमुक तालुक्यातल्या शिक्षकांची तमुक गोष्टीकडे पाहण्याची अभिवृत्ती. शंभर शिक्षकांना प्रश्नावली वाटायची, त्यांनी डुलकी घेत बरोबरच्या खुणा करायच्या, टक्केवारी काढायची, शेवटी ‘शासनाने लक्ष द्यावे’ अशी शिफारस करायची. त्यातून संशोधकालाही काही कळत नाही आणि मुलालाही काही मिळत नाही. तुमच्या वर्गात मात्र कोणी नीट न पाहिलेली गोष्ट रोज घडते. मूल घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतं. आईला याडी म्हणतं, भाकरीला बाटी म्हणतं. पुस्तकात त्याला आई आणि भाकरी भेटते. हे शब्द ते महिन्याभरात उचलतं, पण वाक्य? ‘झाड पडलं’, ‘भिंत पडली’, ‘दगड पडला’ हे मराठीचं तीन लिंगांचं प्रकरण त्याला कुठे अडवतं? कोणत्या महिन्यात ते उत्तर मराठीत द्यायला लागतं, आणि त्याआधी किती काळ त्याला सगळं कळत असतं पण बोलता येत नसतं? बाईंनी पहिले तीन महिने गोरमाटीत गोष्ट सांगितली तर वाचनात फरक पडतो का? निपुण भारत या केंद्राच्या अभियानाचं ध्येय तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं आहे. ऊसतोडीहून परतलेलं मूल त्या आकड्यापासून किती मागे जातं आणि किती आठवड्यांत सावरतं?

यातल्या एका प्रश्नावर आजपासून नोंदी ठेवता येतील, कोणत्याही विद्यापीठाची परवानगी न घेता. एक दोनशे पानी वही, दर शनिवारी अर्धा तास. कोण काय बोललं ते जसंच्या तसं, तारखेसकट. मोबाइलवर मुलाचं वाचन ध्वनिमुद्रित करा, पालकांना विचारून. त्याचं आधी कृतिसंशोधन होईल, मग एम.ए.चा प्रकल्प, आणि पीएच.डी.च्या मुलाखतीला जाल तेव्हा समोरच्या तीन माणसांकडे नसलेली सामग्री तुमच्या पिशवीत असेल.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी. अर्धवेळ करता येते. नियुक्ती प्राधिकाऱ्याचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, सुरुवातीचं किमान १२ श्रेयांकांचं कोर्सवर्क करावं लागतं. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत. दूरस्थ पद्धतीने पीएच.डी. नाही, कोणी जाहिरात दाखवली तर समजून घ्या. प्रवेश नेटच्या गुणांवर किंवा विद्यापीठाच्या पेट या पीएच.डी. प्रवेश परीक्षेवर. हा विषय मराठी विभागात भाषाविज्ञानाच्या अंगाने बसतो. शिक्षणशास्त्रात करायचा तर त्या विषयातली पदव्युत्तर पदवी लागते. मघाशी म्हटलं ते शिक्षणशास्त्राच्या एम.ए.चं कारण हेच. २०२२पासून दोन पदव्या एकाच वेळी करायला आयोगाने मुभा दिली आहे, तरी नोकरी, घर आणि दोन शिक्षकांची शाळा सांभाळून तुम्ही ती घेऊ नये.

मार्गदर्शक निवडताना नावावर जाऊ नका. सहायक प्राध्यापकाला चार, सहयोगीला सहा, प्राध्यापकाला आठ एवढेच विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे मोठ्या नावाकडे जागा नसते आणि असली तरी वेळ नसतो. त्यांच्याकडून सुटलेल्या आणि अडकलेल्या, दोन्ही विद्यार्थ्यांशी बोला. प्रकरण वाचून परत द्यायला किती दिवस लावतात, एवढंच विचारा.

परवानगीचं शेवटी सांगतो, पण करायचं ते सगळ्यात आधी. एम.ए. असो की पीएच.डी., प्रवेशाआधी मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तिथून शिक्षणाधिकारी प्राथमिककडे लेखी अर्ज. ‘शाळेच्या वेळेवर परिणाम होऊ देणार नाही’ हे वाक्य त्यात असू द्या. पोच घ्या, आवक क्रमांकासह. उत्तर येत नाही म्हणून गप्प बसू नका, स्मरणपत्र द्या, त्याचीही पोच घ्या. कार्योत्तर परवानगी काही ठिकाणी मिळते, पण ती मिळवायला निकालानंतर जेवढ्या खेपा होतात तेवढ्यात एक सत्र निघून जातं. निकाल लागला की गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्राची प्रत जोडून सेवापुस्तकात नोंद करून घ्या, त्या पानाची झेरॉक्स घरी ठेवा, आणि पुढच्या जानेवारीची ज्येष्ठता यादी लागली की रकाना पुन्हा तपासा. बी.ए.ची नोंद राहिली असेल तर तिच्यापासूनच सुरुवात होईल. मे महिन्यात कार्यालयात लिपिक बदल्यांच्या कामात असतात, तेव्हा जून उलटल्यावर जा.